तांड्यात वाटलेला गूळ

पाळी सुटल्याचा भोंगा वाजला तेव्हा रुपीबाई मुंबईच्या गोदीच्या फाटकाशी उभी होती. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बलिया, बंजारा सवाष्णीच्या बांगड्या; अंगात आरशांची काचोळी. जाणारे-येणारे वळून बघत होते. तिचे लक्ष मात्र क्रेनकडे. कापसाच्या गाठी अलगद बोटीत उतरत होत्या आणि असले यंत्र आपला नवरा चालवतो, याचा तिला केवढा अभिमान वाटत होता!

दोन वर्षे नवरा, प्रेमसिंग, गावाकडे फिरकला नव्हता. आर्णीजवळच्या तांड्यात, माहेरी बसून तिने वाट पाहिली. शेवटी हट्ट धरला, तेव्हा वडील खेमसिंग नाइलाजाने सोबत आले.

प्रेमसिंग बाहेर आला, तिला पाहून थबकला आणि दोघांना खोलीवर घेऊन गेला. दारात एक पोरसवदा बाई उभी होती. तिच्याही हातात तशाच बलिया, कडेवर तान्हे मूल. ही कोण, असे रुपीबाईने तरीही विचारले.

"बायको हाये. तुले लेकरू नाही झालं, पंचाईतीनं परवानगी देल्ली," प्रेमसिंग म्हणाला. "मले कायले इचारतं? तुह्या बाले इचार. तोबी बसला होता पंचात."

खेमसिंगची मान खाली गेली. सरकारने दुसरे लग्न कायद्याने बंद केले होते; पण तांड्याचा कायदा नायकाच्या ओट्यावर ठरे, आणि तिथे बाईने बसायचे नाही अशी रीत. सगाई पक्की झाली की घरोघर गूळ जाई. प्रेमसिंगची ही दुसरी सगाई ठरली त्या दिवशी बापाने स्वतः रुपीच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला होता. भाच्याची सगाई ठरली, असे सांगून. तिने तो आनंदाने खाल्ला होता.

नवऱ्याने फसवले, ते ती सोसू शकली असती. पण बापाने तिच्याच तोंडात सवतीचा गूळ घालावा?

खेमसिंग समजावू लागला, की प्रेमसिंग तुलाही नांदवायला तयार आहे, थोरली म्हणून राहा, बोभाटा करू नकोस.

"मी वापस जाईन, बा," ती म्हणाली. "पंचाईतीत मधोमध बसीन. खोटं कोन बोललं ते सांगीन, मंग आर्णीच्या ठान्यात जाईन. तुह्यं नाव पयलं घेईन."

"मंग माह्यं काय होईन, पोरी?"

"हेच मी इचारलं असतं त्या दिवशी. तुमी कोनी बोलावलंच नाही मले."

एवढे बोलून ती एकटीच स्टेशनची वाट विचारत निघाली.