मागच्या काट्यावरची चिठ्ठी

काटेरी परिवाराची दिवाळी-भेट योजना सुरळीत पार पडली आणि एकही सदस्य दुखावला नाही. हे वाक्य वाचकांनी कृपया विसरून जावं, कारण रविवारी सकाळी अकराला इंदिरानगरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये सुरळीत असं काहीच नव्हतं.

काटेरी परिवार म्हणजे निवडुंग पाळणाऱ्या बारा माणसांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सुवर्णा शेजवळ त्याची संयोजक. एरवी ती एक्स-रे काढते आणि दिवसाला चाळीस जणांना श्वास रोखून धरायला सांगते. ग्रुपवरची मंडळी आज पहिल्यांदाच समोरासमोर आली होती. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली, त्याला एक रोप द्यायचं, एवढाच नियम. मयूरनं सुवर्णाला दिलं, सखुबाईंनी मयूरला दिलं. सगळ्यांच्या मांडीवर कुंड्या आल्या, तेव्हा सिन्नरचे बुधाभाऊ तेवढे रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले दिसले.

बुधाभाऊ कारखान्यावर वॉचमन. ग्रुपवर रोज एक फोटो टाकायचे आणि त्याखाली कुणी साधा अंगठाही दाखवत नसे. आजच्यासाठी ड्युटी बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आठवड्यात तीनदा त्यांचा फोन येऊन गेला होता, "ताई, माझं नाव हाय ना यादीत?" तिन्ही वेळा सुवर्णा म्हणाली होती, "असं कसं नसेल हो?"

ती जिन्यात गेली आणि ग्रुपवर लिहिलं, "एका सदस्याने भेट आणलेली नाही. त्याने स्वतःहून संयोजकाशी संपर्क साधावा. नाव गुप्त ठेवले जाईल."

पहिलं उत्तर बुधाभाऊंचंच आलं. "मी आणली हाय ताई."

पाठोपाठ आणखी दहा जणांनी तेच कळवलं. बारावा मात्र मूग गिळून गप्प. हा निगरगट्ट कोण ते बघायला ती यादी शोधायला त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी गेली. नवरा, महेश, लसूण सोलत बसला होता.

"बारा चिठ्ठ्या केल्या होत्या," ती कागद उपसत म्हणाली. "पंख्यानं उडत होत्या, म्हणून ह्या निवडुंगाच्या काट्यांना टोचल्या. व्हिडिओ कॉलवर एकेक जण सांगत होता, ही काढ, ती काढ. अकरा जण झाले आणि चिठ्ठ्या संपल्या."

"आणि तुझी?"

"माझी काय?"

"तू काढलीस का?"

सुवर्णानं कपाटावरची कुंडी फिरवली. भिंतीकडच्या काट्यावर एक चिठ्ठी उरली होती. तिच्याच अक्षरात : बुधाभाऊ, सिन्नर.

"आता त्या बाराव्याला ग्रुपमधून काढून टाक," महेश म्हणाला.

दुकान शोधायला वेळ नव्हता. मयूरनं दिलेलं रोप पुढे सरकवावं, तर ते सगळ्यांनी पाहिलेलं. राहता राहिला हाच निवडुंग. पहिल्या पगारातून आणलेला. अकरा वर्षं तिच्याकडे होता आणि फुलाच्या बाबतीत त्यानं तोंडातून ब्र काढला नव्हता. तिनं कुंडी टॉवेलमध्ये गुंडाळली.

"तुमची भेट जड होती, म्हणून शेवटी आणली," तिनं हॉलमध्ये येऊन सांगितलं.

"मला वाटलं, नाव राह्यलं आपलं."

"राहील कसं?"

बुधाभाऊंनी टॉवेल सोडला. "ताई, हे तर चिठ्ठ्यांचं झाड. तुमचं सोताचं."

"ह्या ग्रुपात ते सांभाळू शकेल असा दुसरा माणूस दाखवा मला."

हे ती वेळ मारून न्यायला म्हणाली होती, पण म्हटल्यावर तिला ते खरंच वाटलं. बुधाभाऊ हसले. मग सखुबाई त्यांना विचारू लागल्या की पाणी किती दिवसांनी घालता, आणि पाठोपाठ आणखी दोघंजण त्यांच्या फोनमधले फोटो बघायला वाकले. सुवर्णानं सकाळपासून कोंडलेला श्वास सोडला.

बुधाभाऊंनी कुंडी फिरवून बघितली. "ताई, हिकडून कळी धरलीय. बघितली नाय का?"

तिनं बघितली नव्हती. ती बाजू कायम भिंतीकडे असायची.

"असू द्या," ती म्हणाली. "तिकडेच फुलू दे."

दुपारी एसटीत बुधाभाऊंनी कुंडी शेजारच्या सीटवर ठेवली. पाच माणसं उभी होती. त्या सीटवर हक्क सांगायला एकही पुढे आला नाही.

संध्याकाळी सुवर्णानं अर्ज लिहायला घेतला.

"प्रति, मा. आगारप्रमुख. महोदय, आमचे एक झाड आजपासून सिन्नर येथे राहते. ते फुलल्यास अर्जदारास ऐनवेळी निघावे लागेल. तरी कळी उमलेपर्यंत सिन्नरकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीत खिडकीजवळची एक जागा रिकामी ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."