बेचाळीस पायऱ्या

आमच्या सुनेला माणूस बरा झालेला बघवत नाही. मुलगा हसतखेळत कामावर निघाला, की ही दारात आडवी. "अहो, तोंड उघडा. सावकाश ओढा. धरा श्वास. आता चूळ." बेकरीत मैद्याची पोती उचलणारा चाळिशीचा बाप्या, पण हिच्यापुढे आ वासून उभा! मी तिला जमादारीण म्हणते. तोंडावर.

त्याचा दमा माझ्या कानांना पाठ होता. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, पायऱ्या बेचाळीस. घरी येताना चौदाव्या पायरीवर तो थांबायचा, खोकायचा. अठ्ठाविसाव्या पायरीवर बसायचा आणि निळा पंप ओढायचा. मग कुठे वर पोचायचा.

हिने डॉक्टरांकडून तपकिरी पंप आणला. तो ओढून लगेच काहीच वाटायचं नाही.

"नुसता वारा भरलाय त्यात," मी म्हटलं.

"आई, हा दम लागू नये म्हणून. लागला तर निळा आहेच."

"आगीच्या आधी पाणी ओतणारी तू एकटीच!"

दोन महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर तजेला आला. तेवढ्यात हिची आई आजारी पडली. तीन आठवड्यांसाठी माहेरी जाताना हिने पंप माझ्या हातात दिला. "बरे दिसले तरी चुकवायचा नाही हं."

बरं म्हटलं, आणि पंप पेटीत ठेवणीतल्या कपड्यांखाली सारला. चार पोरं मी अशीच वाढवली. ताप उतरला की बाटली बंद, उरलेलं पुढच्या दुखण्याला. मुलगाही खूश. "सुटलो बघ, आई."

अठराव्या दिवशी संध्याकाळी चौदाव्या पायरीवर पाऊल थांबलं. खोकला आला नाही. पुढचं पाऊलही नाही. मी अनवाणी धावले. तो भिंतीला टेकला होता, ओठ काळेनिळे, निळा पंप हातात. एक शब्द फुटत नव्हता.

शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेला. नर्सने तोंडावर मास्क चढवला. निरोप मिळताच सून माहेराहून बॅगेसकट थेट तिथेच आली. तासाभराने छाती जरा सैल झाली, तेव्हा नर्सने विचारलं, "रोजचा पंप कुणी बंद केला?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "माझ्याकडूनच चुकलं."

आयुष्यात मी कुणाच्या पदराआड लपले नाही. "तिचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "पंप माझ्या पेटीत आहे."

नर्स रागावली नाही, त्याचीच जास्त लाज वाटली. "आजी, छातीतल्या नळ्यांना आतून सूज असते. हा पंप ती रोज थोडी थोडी दाबून ठेवतो. बरं वाटतं, ते त्याच्यामुळेच. आपल्या मनाने थांबवला, की सूज परत वर येते."

पेटीतला पंप मीच काढून दारापाशी खिळ्याला अडकवला.

याला आता दोन महिने झाले. काल संध्याकाळी मी दाराशी बसून पावलं ऐकत होते. चौदा. थांबला नाही. अठ्ठावीस. थांबला नाही. माझाच श्वास अडकला. बेचाळीस! दारात उभा राहून "चहा आहे का?" विचारतोय, एका दमात. त्याच्या लहानपणापासून मी हे ऐकलं नव्हतं. मी खिळ्यावरच्या त्या डबीकडे बघत राहिले. मुठीत मावेल एवढी, ना चव ना वास, आणि तिनेच मला माझा पोरगा जिना चढवून आणून दिला.

सून खाली बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी फवारा. चहा मग."

"तू हट्टी आहेस," मी तिला म्हटलं. "माझ्याहून हट्टी. असं कुणी या घरात येईल, वाटलं नव्हतं."