फुंकरीचा ग्लास

दादाने नळीतून फुंकर घातली आणि ग्लासातलं नितळ पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दुधासारखं झालं. चुनाभट्टीमागच्या गोदामात दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांनी हात जोडले.

"बघा, छातीतली घाण कशी बाहेर पडतेय!" फुंकरबाबा गरजले. "आठवड्याला एक, अशा सात फेऱ्या. सातवीला पाणी नितळ राहिलं की छाती कोरी करकरीत! तोवर डॉक्टरची पायरी चढायची नाही. यंत्रासमोर गेलं की रोग बिथरतो."

रोगाच्या स्वभावाची एवढी बारीक माहिती बाबांना कुठून मिळाली, हे विचारायची सोय नव्हती.

माझा हा थोरला भाऊ तीस वर्षं भट्टीवर चुना भिजवत होता आणि तितकीच वर्षं विडी ओढत होता. दोन महिने खोकला हटेना. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा तपासणीच्या गाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी छातीच्या स्कॅनची चिठ्ठी दिली. ती खिशात घालून दादा बाबांकडे गेला. मी बाबांची भरपूर टिंगल केली, पण दादाचा हात धरून त्याला दवाखान्यात काही नेलं नाही. ते अजून मला खातं.

सातव्या फेरीला पाणी नितळ राहिलं. दादाने अख्ख्या भट्टीला चहा पाजला आणि तो पाजतानाच खोकून खोकून खाली बसला.

पहिल्या फेरीचा ग्लास बाबांनी उशाशी ठेवायला सांगितला होता. वहिनीने तो घासायला काढला. पाणी आटून कडेला पांढरी खपली धरली होती. तिने ती नखाने खरवडली.

"भाऊजी, ह्यांच्या कामाच्या बादलीला बसते तीच खपली ही!"

पुढच्या बैठकीत ती थेट बाबांसमोर उभी राहिली. "बाबा, आज तुम्ही फुंका."

"माझा श्वास शुद्ध आहे, बाई."

"मग पाणी नितळच राहील की! घाबरता कशाला?"

बाबा फुंकेनात. मग वहिनीनेच त्यांच्या बरणीतलं पाणी घेऊन फुंकलं. जन्मात विडीला न शिवलेल्या तिच्या फुंकरीनेही ते पांढरं झालं. मागे झाकून ठेवलेल्या दुसऱ्या बरणीतल्या पाण्यात ती तोंड लाल होईस्तोवर फुंकत राहिली. ते तसंच राहिलं.

पहिल्या बरणीत चुन्याची निवळी होती. कोणाच्याही श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती पांढरी होते. दुसरीत होतं साधं पाणी, सातव्या फेरीसाठी राखलेलं. आणि आम्ही रोज सकाळी पिंपातली निवळी काढणारी माणसं तिलाच हात जोडत होतो!

दादाचा स्कॅन झाला. फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. "उपचार करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण चिठ्ठी दिली तेव्हाच स्कॅन केला असता, तर गाठ लहान सापडली असती. हे सात आठवडे फार महाग पडले."

म्हणून सांगतो. खोकला तीन आठवड्यांवर गेला, थुंकीत रक्त आलं, वजन उतरू लागलं, तर आधी छाती तपासून घ्या. वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्यांनी काही होत नसलं तरी डॉक्टरांना विचारावं. फुंकरीने फक्त निवळी पांढरी होते, गाठ हलत नाही.

मीही वीस वर्षं ओढतोय. परवा मलाही स्कॅनची चिठ्ठी मिळाली. दादाने खाटेवरून हात पुढे करून ती मागितली, नीट वाचली आणि परत दिली.

"खिशात ठेवू नकोस," तो म्हणाला. "आत्ता जा."