काचेचं कौल

वैशाखाचं ऊन. पिवळंधमक, रसरसलेलं, आंब्याच्या पाटीतून सांडल्यासारखं ऊन. डोंगरमाथ्यावर ऊन, काजूच्या पानापानांवर ऊन, कुंपणाच्या निवडुंगावरसुद्धा ऊन, त्या मेल्यानं कधी मागितलं नव्हतं तरी. साऱ्या सृष्टीला सूर्यनारायणानं ओंजळी भरभरून दान वाटलेलं, आणि तावड्यांच्या स्वयंपाकघरात मात्र भर सकाळी काळोख.

काळोख तरी कसला! धूरगंधी, काजळवर्णी, पिढ्यान्‌पिढ्या चुलीवर आटवलेला काळोख. मागं डोंगराचा कडा, पुढं माजघर. खिडकी काढायची कुठं? बल्ब होता म्हणा, धुरानं माखून काजव्याएवढा उरलेला. त्या काळोखात पूर्वेला चूल, पश्चिमेला पाट. चुलीशी सून सुगंधा, पाटावर सासू तानूबाई. एकमेकींना आवाजावरून ओळखत, आणि आवाजाला दोघीही काही कमी नव्हत्या.

तानूबाई गोधडी शिवत होती. सुगंधाला दिवस गेलेले. पावसाळा सरता सरता घरात बाळ येणार. त्याच्यासाठी जुन्या लुगड्यांची, लाल-हिरवी, सायीसारखी मऊ गोधडी. पण टाके वाकडे जात. सुईचं नाक सापडत नसे. ओटीवर उजेड होता की मुबलक! पण गावाच्या डोळ्यांदेखत सुईत दोरा चुकवायचा? तानूबाईनं? त्यापेक्षा काळोख बरा. काळोख चहाड्या तरी करत नाही.

आणि सुगंधा? तिचे डोळे धुरानं जास्वंदीसारखे लाल. भाकरी भाजली की करपली, ते बोटांनी विचारायचं, आणि बोटांनी चटका खाऊन उत्तर द्यायचं.

अशात तानूबाईचा मुलगा यशवंत बाजारातून काचेचं कौल घेऊन आला. एकच. दुकानात शेवटचं उरलेलं. एसटीत मांडीवर ठेवून, टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या लेकरासारखं जपत आणलेलं. अंगणात त्यानं ते उघडलं आणि अहाहा! जलनिर्मळ, नभनितळ, किरणकोवळं! जणू डोंगरातल्या पऱ्ह्याचं वाहतं पाणी कुणी साच्यात धरून ठेवलं होतं.

"माझ्या पाटावर बसवायचं," तानूबाई म्हणाली.

"चुलीवर," सुगंधा म्हणाली.

"पाटावर!"

"चुलीवर, आई!"

यशवंत शहाणा. तो शिडी आणायला गेला.

एका गोष्टीवर मात्र दोघींचं एकमत होतं. कौल गळलं की बरोबर त्याच्याखाली पातेलं ठेवायचं. जन्मभर दोघींनी हेच केलेलं. पाणी सरळ गळतं, मग उजेड काय वाकडा गळणार आहे? ज्याच्या डोक्यावर कौल, त्याचाच उजेड. म्हणून तर एवढं रण माजलं.

चढणार कोण? यशवंत चढला असता तर छप्परच खाली उतरलं असतं, असा त्याचा देह. सुगंधा पोटुशी. उरली तानूबाई; काटकुळी, करवंदीच्या काटकीसारखी. तिनं काष्टा खोचला, पदर कमरेला बांधला. "धर शिडी नीट, जेवताना ताट धरतोस तशी!" लेकाला म्हणाली आणि चढली. सरसर, खारीच्या चालीनं, कौलांखालच्या रिपेचा अंदाज घेत एकेक पाऊल टाकत चढली.

वर लालच लाल. कौलांच्या लाटांवर लाटा, लाल लाटांवर ऊन, उन्हात तानूबाई! छातीत नगारा वाजत होता, आणि खोटं कशाला सांगू, तो भीतीचा नव्हता.

"तानूबाय!" शेजारच्या अंगणातून रखमाकाकू ओरडली. "छपरावर वानरं कमी होती काय गो?"

"वानरं कौलं फोडतात, मी बसवतेय! तुझ्या घरातला काळोख इथूनसुद्धा दिसतो बघ!"

आता इथली रीत अशी, की वरून सगळी कौलं सारखी. म्हणून खालून कुणीतरी काठी टोचायची, वर जे हलेल ते काढायचं. आणि काठी होती सुगंधाच्या हाती.

"माझ्या पाटाच्या वर टोच हो!"

"होय, आई!"

टक, टक. एक कौल शहारलं. तानूबाईनं ते अलगद उचललं आणि वाकून आत पाहिलं.

खाली चूल.

"अगो, माझा पाट कुठं गेला?"

"वरून... वरून तसंच दिसतं, आई."

दोन वासे पलीकडं सरकायला कितीसा वेळ! तानूबाई सरकणारही होती. पण त्या भोकातून सुगंधाचा चेहरा वर वळलेला. राखेनं माखलेला, घामानं डवरलेला, लबाडीनं थरथरणारा. आणि ते डोळे, जास्वंदीचे. त्याच चुलीशी, तस्सेच डोळे घेऊन, तानूबाईची अख्खी तरुणाई फुंकणीतून निघून गेली होती. तिच्यासाठी तेव्हा कुणी छपरावर चढलं नव्हतं.

गोधडी राहील अर्धी. राहू दे.

"चोरटी कुठली," ती पुटपुटली, आणि काचेचं कौल चुलीवर बसवलं. रिपेत दाबून, चहूबाजूंनी चाचपून, बाळाची टाळू झाकावी तसं.

खाली उतरली. ताठ मानेनं आत गेली. चुलीकडं बघायचंच नाही, असं ठरवून पाटाकडं वळली, आणि थबकली.

पाटावर ऊन होतं.

पाटावर! लख्ख, चौकोनी, सुवर्णवर्खी ऊन! वैशाखातला सकाळचा सूर्य पूर्वेला कललेला. चुलीवरच्या काचेतून तो तिरपा, थेट पश्चिमेला उतरला होता. धुरातून निळसर सोन्याची सरळ वाट पडली होती, आणि वाटेच्या टोकाशी गोधडी पेटली होती. लालाहून लाल, हिरव्याहून हिरवी.

"आई!" सुगंधा रडायच्या बेतात आलेली. "मी तर चुलीवरच टोचलं होतं हो!"

"ठाऊक आहे, भवाने! वर बसून मी काय कावळे मोजत होते?"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. कितीतरी दिवसांनी बघत राहिल्या. मग जे हसू फुटलं ते माजघरातून, ओटीवरून, रखमाकाकूच्या अंगणापर्यंत गेलं.

तानूबाईनं सुई उचलली. दोरा ओला केला. उन्हात धरला. पहिल्याच खेपेला सुईच्या नाकातून दोरा पार!

आणि मग ऊन चालू लागलं. पाटावरून उतरलं, शेणानं सारवलेल्या जमिनीवर आलं, मांजराच्या पाठीवर क्षणभर बसलं, उठलं, पुढं निघालं. एक टाका, एक पाऊल. एक टाका, एक पाऊल. दुपारी सूर्य माथ्यावर आला तेव्हा ऊन चुलीशी पोहोचलं होतं, आणि तव्यावर तांदळाची भाकरी, शुभ्र, सडसडीत, भरल्या उजेडात, पोटभर श्वास घेऊन, हळूहळू, हळूहळू फुगत होती.