दवाखान्याच्या खिडकीवरचा भोंगा

मी दवाखान्याचा भोंगा बोलतोय. हळू बोलायचा प्रयत्न करतोय, पण सवय नाही. जरा सांभाळून घ्या.

कारखान्यात मला तपासणाऱ्या माणसानं "हॅलो, हॅलो, चेक" म्हटलं, खूश झाला आणि मला खोक्यात भरलं. पुढे बरीच वर्षं मी एका भंगारवाल्याच्या गाडीवर होतो. "जुनं लोखंड, रद्दी, मोडके पंखे!" दिवसभर एवढंच. मी आलो की निजवलेली पोरं उठायची आणि त्यांच्या आया खिडकीतून मला शिव्या घालायच्या. आपल्याला किती लोक ओळखतात, म्हणून मी खूश.

मग ती साथ आली. रस्ते ओस पडले, गाडी दाराशी उभी राहिली. भंगारवाल्याचा मेहुणा एका दवाखान्यात कंपाउंडर होता. त्यानं मला काखोटीला मारलं. "दाजी, याला आमच्याकडे काम आहे."

दवाखाना डॉक्टरबाईंचा. घरी त्यांची म्हातारी आई, दम्याची. आपल्यामुळे तिला काही होऊ नये, या धास्तीनं बाईंनी स्वतःला काचेआड कोंडून घेतलं होतं. पेशंट बाहेर, पत्र्याच्या छपराखाली. पण तोंडाला मास्क, मध्ये काच, कुणाचं कुणाला ऐकू जाईना. म्हणून मला खिडकीवर ठोकलं. बाईंनी आत माइकमध्ये विचारायचं, मी बाहेर ओरडायचं, आणि पेशंटनं काचेतल्या जाळीला तोंड लावून तेवढ्याच जोरात उत्तर द्यायचं.

पहिल्याच दिवशी बँकेतले एक साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. बाईंनी आत हळूच विचारलं आणि मी बाहेर गर्जलो, "संडासला साफ होते का?"

समोरच्या इमारतीतल्या बाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या. साहेब कानापर्यंत लाल झाले. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ते नुसते "हो" म्हणत गेले. "चक्कर येते?" हो. "येत नाही ना?" हो.

रांगेत रोज माझ्यावर चर्चा चालायची. तान्हं मूल घेऊन येणारी एक मुलगी म्हणायची, "बरंय ना, आत एकमेकांच्या मांडीवर बसायला नको. मोकळी हवा तरी आहे." तिच्या मागचे आजोबा कुरकुरायचे, "लांबून कसली तपासणी? पूर्वी बाईंनी पोटावर हात ठेवला की निम्मं दुखणं तिथंच जायचं." सगळ्यांत मोठा आवाज ड्रायव्हरकाकांचा. आयुष्यभर बस चालवलेली, त्यामुळे मूळव्याध जुनी आणि बोलणं सडेतोड. माझ्याशी त्यांचं फारसं जमत नव्हतं. दोघांनाही मोठ्यानं बोलायची खोड, दुसरं काय.

एक दिवस टेलरमावशी आल्या. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे त्यांनी शिवलेले. जाळीपाशी उभ्या राहिल्या.

"काय होतंय मावशी?" मी विचारलं.

मागच्या सगळ्यांनी माना वर केल्या. मावशींनी वळून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "गुडघा दुखतो," म्हणाल्या. मलम घेतलं आणि पायऱ्या भराभरा उतरून गेल्या.

काही दिवसांनी पुन्हा आल्या. या वेळी म्हणे घसा. गुळण्या करायला सांगितल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "काही नाही, मलम संपलंय." एक हात मात्र सारखा काखेकडे जात होता. काचेवर वाफ धरलेली, बाईंना तो दिसला नाही. मला दिसला. पण माझ्या तोंडून आतल्या माणसाचंच बोलणं येतं, माझं नाही.

नेमक्या त्याच दिवशी बाईंना हुक्की आली. माझ्यातून त्यांनी विचारलं, "मंडळी, ही नवी सोय कशी वाटते? अगदी मोकळेपणानं सांगा."

भोंग्यावरून मोकळेपणानं! लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. "छान आहे, छान आहे," म्हणाले. मावशी मलम घेऊन निघाल्याच होत्या.

"छान आहे," ड्रायव्हरकाका जाळीपाशी येत म्हणाले. "फक्त माझ्या मूळव्याधीची चौकशी आता भाजीवालाही करतो. परवा म्हणाला, काका, मिरच्या नका घेऊ."

एकच हशा पिकला. काचेआड बाईही हसल्या.

काका मात्र हसले नाहीत. "माझं सोडा हो, मी कोडगा माणूस. पण इथं काहीजण पुन्हा पुन्हा येतात, खरं दुखणं घशातच ठेवतात आणि भलतंच औषध घेऊन घरी जातात. तुम्ही भीतीपोटी आत बसलात, त्यात गैर काही नाही. पण आम्ही बोलायचं कुठं?"

काकांनी कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाकडे पाहिलंही नाही. मावशी पायरीवरच थांबल्या होत्या.

बाईंनी काचेवरची वाफ हातानं पुसली. मग बाई म्हणाल्या, "कंपाउंडर, याची वायर काढा."

त्या बाहेर आल्या. दोन मास्क, वर पारदर्शक ढाल. दवाखान्यामागे पाण्याच्या टाकीपाशी दोन स्टुलं लांब लांब मांडली. काकांनी सगळ्यांना फाटकाकडे पिटाळलं, "सरका, सरका, मागं जागा आहे." बाईंनी विचारलं, "आधी कोण?"

"माझी घाई नाही," काका म्हणाले.

मावशी गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. एरवी जे काही असेल ते सगळ्यात आधी मला कळायचं, त्यामुळे चुकल्याचुकल्यासारखं झालं. बऱ्याच वेळानं त्या परतल्या. डोळे लाल, हातात मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी. फाटकाशी काकांना म्हणाल्या, "तुमची पँट आखूड करायची राहिलीय, आठवतंय ना?"

"आखूड पँट घालून फिरायला मी काय शाळेत जातोय? सावकाश करा," काका म्हणाले.

पुढे कित्येक आठवडे त्या दिसल्या नाहीत. एके दिवशी आल्या, वाळलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेला. रांगेतल्या बायकांनी नको तेवढ्या काळजीनं पाहिलं, तशा स्वतःच म्हणाल्या, "छातीत गाठ होती. काढली. वेळेत काढली म्हणतात. औषधं चालू आहेत." त्यांना भोंगा लागला नाही. छपराच्या त्या टोकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. तान्ह्या मुलाच्या आईनं विचारलं, "मावशी, कळलं कसं तुम्हाला?" मग त्या तिला बाजूला घेऊन गेल्या आणि बराच वेळ समजावत राहिल्या.

साथ ओसरली, काच निघाली. बाई आता पूर्वीसारख्या पडद्याआड तपासतात. मी अजून खिडकीवरच आहे, थोडा गंजलोय, एका बाजूनं चिमण्यांनी घरट्यासाठी पाहणी केलीय. काम एकच उरलंय, नंबर पुकारायचा. पगार पूर्वीएवढाच, म्हणजे काही नाही.

तुमच्या ओळखीच्या दवाखान्यात माझा एखादा भाऊबंद असेल, तर एवढं करा. त्याला नंबर पुकारू द्या. दुखणं मात्र पडद्याआड जाऊन सांगा, आणि सांगाच. आम्हा भोंग्यांच्या धाकानं मलम घेऊन घरी जाऊ नका.

बाईंनी माइक उचललाय. चलतो. तुमचाच नंबर असेल बहुतेक.