खालच्या विहिरीचे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. जाड काचेची, घट्ट बुचाची. ज्या विहिरीत मला सोडावे तिचे पाणी जसेच्या तसे तपासणीस न्यावे, एवढ्यासाठीच मला घडवले आणि बीदरच्या एका सरकारी कचेरीत धाडले.

म्हैसूर राज्याच्या त्या काळात कमठाण्याकडील एका वाडीजवळ रंगाचा कारखाना उभा राहिला. त्याने गावाला काय दिले आणि गावाकडून काय घेतले, हे आकड्यांत मांडण्याचे काम श्रीनिवासरावांकडे आले. गृहस्थ काटेकोर. किती हातांना काम मिळाले, किती मुले शाळेत जाऊ लागली, हे त्यांनी कसून नोंदवले. उरले पाणी.

कारखान्याचा नाला खालच्या वस्तीतील बौद्धांच्या विहिरीशेजारून वाहत असे. परंतु आलेला साहेब गुंडेराव पाटलांच्या पारावर टेकतो आणि तेथूनच परततो, ही जुनी रीत. श्रीनिवासरावांनी ती मोडली नाही. मला पाराजवळच्या वरच्या विहिरीत सोडले.

खालच्या वस्तीतील कोंडाबाई दूर उभी होती.

"अण्णा, आमच्या हिरीत बी सोडा की ती. पानी पिवळं व्हायलंय. लेकरं वकायलीत."

"कामून मधी बोलायलीस?" गुंडेराव गुरकावले. "गावची हीर हीच."

"व्हय? कारखान्यात राबनारे मोजताना आमी गावात, अन् पान्याला गावाबाहेर?"

श्रीनिवासरावांनी माझे बूच लावले.

पाणी निर्मळ ठरले. कारखान्यापासून अपाय नाही, असा अहवाल वर गेला. साहेबांची वाहवा झाली. मीही लखलखीत होऊन कपाटात बसले. नाला वाहतच राहिला. मित्रांनो, माझ्यातील थेंबन् थेंब खरा होता, तरी माझी साक्ष खोटी होती.

पुढच्या उन्हाळ्यात कोंडाबाई पदराखाली तांब्या धरून कचेरीत आली. तिचा नातू बीदरच्या दवाखान्यात निजून होता.

"अहवाल केव्हाच गेला, अक्का," श्रीनिवासराव पुटपुटले.

"जाऊ द्या. ह्यो घ्या आमचा गाव." तिने तांब्या माझ्यात रिता केला.

त्यातले थोडे पाणी श्रीनिवासरावांनी नव्या अहवालासोबत वर धाडले. उत्तर आले नाही. उरलेले माझ्यातच आटले. शिपाई मला घासायला घेई, तेव्हा श्रीनिवासराव त्याचा हात धरीत. निवृत्त होईपर्यंत धरीत राहिले.

आता त्यांच्यामागे तुम्हालाच विनवते. मला जपायचे असेल, तर धुऊ नका. माझ्या तळाशी एक पिवळे कडे आहे. अहवालात नसलेला गाव तेवढाच उरला आहे.