तोंडात कापूस, आणि वर प्रश्न

दातांच्या डॉक्टरांना एक खोड असते. पेशंटच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबायचे, थुंकी ओढणारी नळी अडकवायची आणि मग विचारायचं, "काय, मुलं काय करतात?" तो बिचारा "आं, ऊं" करतो. यांना वाटतं, गप्पा झाल्या. आमच्या मॅडमही त्यातल्याच. मी त्यांची मदतनीस; अकरा वर्षं हा तमाशा बघतेय.

त्या दिवशी खुर्चीत एक बसड्रायव्हर होता. जीभ चुरचुरते म्हणून तिसऱ्यांदा आलेला. दोनदा आम्ही त्याला गुळण्यांचं औषध लिहून देऊन वाटेला लावलं होतं. जीभ ओढून कडेला बघायचे कष्ट कुणी घेतले होते? या वेळी मॅडमनी घेतले. कडेला पांढरे, खरबरीत, उभे पट्टे. गॉजच्या कापडानं घासले, तरी निघेनात. हिरडीच्या काठावर लालभडक रेघ. मॅडमचा हात थबकला. असलं तोंड दिसलं की एचआयव्हीची तपासणी करायला सांगायची, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

आणि बाईंनी काय करावं? बोळे आत तसेच ठेवून पुटपुटल्या, "एचआयव्हीसाठी रक्त तपासलंय का कधी?"

"आं."

"बरं बरं." आणि पुन्हा गुळण्यांची चिठ्ठी लिहायला घेतली!

माझं टाळकंच सटकलं. दार लावलं, चिमट्यानं बोळे उपसले.

"हं मॅडम, आता विचारा. लाजायचं तर घरी जाऊन लाजा."

मॅडम लाल झाल्या, पण या खेपेला नीट विचारलं.

ड्रायव्हर ताडकन उठून बसला. "मला? अहो, मी सरळमार्गी माणूस!"

"दादा," मॅडम म्हणाल्या, "तुमची चाल नाही बघत, जीभ बघतेय. कदाचित दुसरंच काही निघेल. पण तेच निघालं तर रोज गोळ्या घ्यायच्या आणि बस चालवत म्हातारं व्हायचं. न तपासता घरी बसलात, तर मात्र कठीण आहे."

तो माझ्याकडे वळला. "मावशी, तेच निघालं तर पुढेमागे माझी दाढ काढाल ना? की दारातूनच हाकलाल?"

"सगळ्यांची काढतो तशीच काढू. ओरडलात तर दटावीनही."

त्यानं तोंड पुसलं. "द्या मग तपासणीची चिठ्ठी. आणि मॅडम, अक्षर जरा माणसासारखं काढा. मागच्या दोन्ही चिठ्ठ्या औषधवाल्यानं अंदाजानंच वाचल्या."